रेव्हरंड टिळक : देवाच्या ठेवीचा हिशेब

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दाखला आहे. परदेशी निघालेला एक धनी आपली संपत्ती तीन दासांच्या स्वाधीन करतो. एकाला पाच तालांत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे त्या पैशावर व्यापार करून तो दुप्पट करतात. तिसरा मात्र भितो, जमिनीत खड्डा खणून आपला वाटा पुरून ठेवतो आणि धनी परतल्यावर जसाच्या तसा पुढे करतो. धनी रागावतो तो नेमका याच तिसऱ्या दासावर. वरवर पाहता हे विचित्र वाटते. त्या बिचाऱ्याने अफरातफर केलेली नसते, एक पैही उडवलेली नसते. त्याचा अपराध एवढाच, की सोपवलेली ठेव त्याने कोणाच्याच उपयोगी पडू दिली नाही.

तालांत हे त्या काळचे चांदीचे वजन होते, आणि एका तालांताची किंमत मजुराच्या अनेक वर्षांच्या कमाईएवढी भरत असे. इंग्रजीतला आणि आता मराठीतही रुळलेला ‘टॅलंट’ हा शब्द याच दाखल्यातून आला. आपण तो शब्द माणसाच्या स्वतःच्या मालमत्तेसारखा वापरतो. त्याच्या मुळाशी मात्र परक्याची ठेव आहे आणि तिचा एक दिवस द्यावा लागणारा हिशेब आहे, हे आपल्या ध्यानात राहत नाही. ही गोष्ट ज्यांनी आयुष्यभर ध्यानात ठेवली आणि त्यापायी स्वतः सोसले, घरच्यांनाही सोसायला लावले, असे एक कवी नगरच्या मातीत होऊन गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे नाव.

शिकाऱ्याच्या हातून घायाळ झालेली, तशाच अवस्थेत पिलांकडे परतणारी पक्षीण अनेकांना शाळेच्या पुस्तकात भेटली असेल. ‘केवढे हे क्रौर्य’ ही ती कविता टिळकांची. फुलांचे आणि मुलांचे कवी अशी त्यांची ओळख मराठी वाचकांनी जपली आहे. परंतु या गोड ओळखीमागे एक वादळी आयुष्य आहे, आणि त्याचा उत्तरार्ध बव्हंशी अहमदनगरात, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरात आणि जिल्ह्यात गेला.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई मात्र हळवी आणि कवितेची आवड असलेली. कवित्वाचा वारसा आपल्याला आईकडून मिळाला अशी टिळकांची भावना होती. ती माउली त्यांच्या बालपणीच गेली आणि घराशी असलेला त्यांचा धागाच तुटला. हा मुलगा घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृत काव्याचा अभ्यास केला. इंग्रजी शाळेतही काही काळ काढला, पण परीक्षांची शिडी ते चढू शकले नाहीत. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. मुलीचे वय अवघे अकरा-बारा वर्षांचे. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले.

पुढची दहा-बारा वर्षे म्हणजे नुसती भटकंती. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी पुराणिक, कधी छापखान्यातले कामगार. एक नोकरी धरावी, कशावरून तरी बिनसावे, ती सोडून दुसऱ्या गावी जावे, असा क्रम चाललेला. शीघ्रकवित्व, वक्तृत्व, संस्कृतावरील प्रभुत्व या गोष्टी त्यांच्यापाशी विपुल होत्या. कोणत्याही सभेत ते उठून उभे राहिले की श्रोते भारावून जात. परंतु हे सारे कशासाठी, याचे उत्तर त्यांना सापडत नव्हते. नागपुरास अप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाच्या संपादनाचे काम केले. आश्रयदाता उदार होता आणि काम विद्वत्तेचे होते, तरी मन रमले नाही. जातिभेदाने पोखरलेला समाज आणि पारतंत्र्यात पडलेला देश यांना सावरील असा एखादा नवा धर्मविचार हवा, या ध्यासाने ते तळमळत होते. ठेव होती, पण ती कोणत्या व्यवहारात गुंतवावी हे ठरत नव्हते.

हे ठरण्याची सुरुवात एका आगगाडीच्या डब्यात झाली. १८९३ च्या सुमारास टिळक नोकरीच्या शोधात राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. गोऱ्या माणसाने एतद्देशीय सहप्रवाशाशी तुसडेपणाने वागावे, हाच तेव्हाचा सर्वसाधारण अनुभव. या गृहस्थांनी मात्र आदराने बोलणे सुरू केले. संभाषण संस्कृत काव्यावर आले, तेथून धर्मावर गेले. उतरताना त्यांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी त्या वेळी ते हसण्यावारी नेले. पण पुस्तक उघडले गेले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते खाली ठेववेना. आपण शोधत होतो तो विचार येथे आहे, असे त्यांना वाटू लागले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत काय होती, हे आजच्या शहरी वाचकाला सहजी उमगणार नाही. एका दिवसात नातेवाईक तुटले, मित्र दुरावले, वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. सर्वांत मोठी किंमत मात्र दुसऱ्याच कोणीतरी मोजली. लक्ष्मीबाईंना या पावलाची पूर्वकल्पना नव्हती. लहानगा दत्तू कडेवर घेऊन त्या माहेरच्या आणि आप्तांच्या आधाराने राहिल्या. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही, अशा चमत्कारिक वैधव्यात त्यांची काही वर्षे गेली. शोक आणि संताप यांनी त्या खचल्या, आजारी पडल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. अखेर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या, त्याही स्वतःचे सोवळे-ओवळे सांभाळण्याच्या अटीवर. पुढे स्पर्शास्पर्शाच्या कल्पनांचा त्यांनी स्वतःच्याच बुद्धीने निकाल लावला आणि पतीच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षांनी, कोणाच्याही आग्रहाविना, बाप्तिस्मा घेतला.

टिळक नगरला आले, ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी. हे मिशन १८३१ पासून नगरमध्ये पाय रोवून होते. शाळा, दवाखाने, धर्मशिक्षणाची पाठशाळा असा त्याचा मोठा पसारा होता. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही १८४२ साली नगरातच जन्मले होते. टिळक पाठशाळेत शिकवू लागले. १९०४ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. नोकऱ्यांमागून नोकऱ्या सोडणारा हा माणूस नगर जिल्ह्यात, कधी शहरात तर कधी राहुरीस, दोन दशके टिकला. याचे कारण एकच दिसते. आपली ठेव कोठे गुंतवायची हे त्यांना कळले होते.

त्या काळी मराठी चर्चमध्ये गायली जाणारी गीते बहुतांशी इंग्रजी गीतांची भाषांतरे असत आणि चालीही परक्या असत. नगरचेच कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी वळणाची वाट आधी पाडली होती; नाही असे नाही. पण खेड्यातला, बहुधा दलित समाजातून आलेला ख्रिस्ती माणूस शेतात ओवी गुणगुणे, आणि रविवारी देवळात मात्र त्याच्या जिभेला न वळणारी पदे म्हणे. टिळकांनी हे अंतर ओळखले. त्यांनी अभंग, ओवी, भजन, आरती या घरच्या रूपांतून ख्रिस्तभक्ती गाइली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची धारणा होती आणि तो पूल पाडून टाकावा असे त्यांना कधीच वाटले नाही. याच जिल्ह्यातल्या नेवाशाला ज्ञानेश्वरांनी ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली होती. त्या मातीतल्या ओवीला ख्रिस्तकथा परकी नाही, हे टिळकांनी दाखवून दिले. त्यांची शंभराहून अधिक गीते मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत. गाणाऱ्यांपैकी कित्येकांना कवीचे नाव ठाऊक नसते. कवीच्या दृष्टीने हे विस्मरण म्हणायचे. सेवकाच्या दृष्टीने मात्र याहून मोठी पावती नाही.

कीर्तनाचेही तसेच. तरुणपणी पोटासाठी केलेले कीर्तन त्यांनी आता नव्या आख्यानांसह उभे केले. टाळ, चिपळ्या, पूर्वरंग, उत्तररंग सारे तेच. कथा मात्र येशूची. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादकपद त्यांच्याकडे आले आणि ते त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. त्यात परक्या मिशनऱ्यांच्या वरचढपणाविरुद्धही त्यांची लेखणी चालली. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे नव्हे, देशावरचे प्रेम बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन जात नाही, हे त्यांनी पुनःपुन्हा मांडले. एकीकडे हिंदू समाज त्यांना बाटगा म्हणे, तर दुसरीकडे काही मिशनऱ्यांना ते अवाजवी स्वाभिमानी वाटत. दोन्हीकडची नाराजी पत्करूनही त्यांनी लेखणी कोणाच्या दावणीला बांधली नाही. ईश्वराने दिलेल्या वस्तूचा मालक ईश्वरच, मग पगार कोणाचाही असो, असा हा बाणा होता.

ठेव वाढवण्याचा आणखी एक मार्ग टिळकांना साधला होता. तो म्हणजे दुसऱ्याची ठेव ओळखणे. १९०७ साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. त्याच्या मुळाशी टिळकांची खटपट होती. तेथे सोळा-सतरा वर्षांचा, अंगाने किरकोळ असा एक मुलगा कविता म्हणून गेला आणि सभा थक्क झाली. तो त्र्यंबक बापूजी ठोंबरे. याच संमेलनातून तो ‘बालकवी’ म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाला. टिळकांनी टाळ्या वाजवून त्याला निरोप दिला नाही. त्याला आपल्या घरी नगरला आणले आणि पोटच्या मुलासारखे वागवले. घरात अन्नवस्त्राची ददात असताना आणखी एक पान वाढले गेले. ठोंबरे हिंदू होते आणि हिंदूच राहिले. धर्मांतराबद्दल ज्यांच्यावर आयुष्यभर आरोप झाले, त्या टिळकांनी या मुलाच्या कवित्वाच्या बदल्यात काहीही मागितले नाही. ‘औदुंबर’ आणि ‘फुलराणी’ लिहिणारी ती प्रतिभा ५ मे १९१८ रोजी खानदेशात भादलीजवळ रेल्वे अपघातात अकाली मालवली. पण जेवढी तेवली, तिला आडोसा देणाऱ्या हातांत टिळक पतिपत्नींचे हात होते.

असे असले तरी टिळकांच्या चरित्राकडे नुसते हात जोडून पाहणे त्यांनाही आवडले नसते. ते शीघ्रकोपी होते, धांदरट होते, आणि पैशाच्या बाबतीत तर अत्यंत बेभरवशाचे. हाती आलेला पगार घरी पोचेलच याची खात्री नसे. वाटेत कोणी गरजू भेटला की खिसा रिकामा होई. मग चूल कशी पेटवायची, ही चिंता लक्ष्मीबाईंची. ठेवीतले सर्वस्व देवाला आणि गरिबांना देणारा माणूस घरच्या माणसांचा हिशेब चुकवत तर नाही ना, हा प्रश्न ‘स्मृतिचित्रे’ वाचताना पुन्हा पुन्हा मनात येतो. लक्ष्मीबाईंनी तो कडवटपणाने विचारलेला नाही. हसत हसत, पण काहीही न झाकता, त्यांनी ते सारे मांडून ठेवले आहे. जबाबदारीने देणगी वापरणे याचा अर्थ फक्त उधळून देणे नव्हे, जवळच्या माणसाचा वाटाही पाहणे होय, हा धडा टिळकांच्या गुणांइतकाच त्यांच्या उणिवांतून मिळतो.

मात्र या जमाखर्चाची दुसरी बाजूही आहे. लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाईंना अक्षरओळखही नव्हती. त्या काळच्या हजारो मुलींप्रमाणे त्यांचीही बुद्धी स्वयंपाकघराच्या भिंतीआड पुरली गेली असती. दाखल्यातल्या तिसऱ्या दासाने भीतीने आपली ठेव पुरली; आपल्या समाजाने तर बायकांची ठेव पिढ्यान्‌पिढ्या रूढी म्हणून पुरली. टिळकांनी पत्नीला वाचायला शिकवले, अधूनमधून, रागावत, अर्धवट सोडत का होईना. तिची पहिली कविता पाहून त्यांना झालेला आनंद निर्भेळ होता. रीतसर शाळा लक्ष्मीबाईंनी कधी पाहिली नाही. पण घरात कविता होती, वाद होते, पुस्तके होती, आणि स्वतःच्या मनाने विचार करण्याची मोकळीक होती. आपण काय पेरत आहोत, याची टिळकांना बहुधा पूर्ण कल्पनाही नसावी.

वयाची पन्नाशी जवळ आली तेव्हा त्यांनी आयुष्यातले सर्वांत मोठे काम हाती घेतले. येशूचे समग्र चरित्र मराठी ओवीत गाणारे महाकाव्य, ‘ख्रिस्तायन’. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले होते. त्यानंतर तीन शतकांनी मराठीत असा प्रयत्न होत होता. पण टिळकांचा पिंड एका जागी बसून ग्रंथ पुरा करण्याचा नव्हता. संपादन, कीर्तने, प्रवास, लोकांची गाऱ्हाणी यांतून वेळ मिळेल तसे अध्याय होत गेले. त्यातच १९१७ साली त्यांनी आणखी एक धाडस केले. मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांचे हे बंधुमंडळ असावे, चर्चच्या भिंतींनी त्याला अडवू नये, अशी त्यामागची कल्पना होती. छप्पन्नाव्या वर्षी, प्रकृती ढासळत असताना, कायमच्या उत्पन्नावर पाणी सोडणे हा व्यवहार नव्हता. पण खड्डा खणून ठेव सुरक्षित ठेवण्याचा व्यवहार टिळकांना कधी जमलाच नाही.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार जेमतेम उभा राहत होता. ‘ख्रिस्तायना’चे दहा-अकरा अध्याय तेवढे झाले होते. मागे संपत्ती म्हणावी असे काहीच नव्हते. त्या दिवशी कोणी हिशेब मांडला असता तर तो तोट्याचाच दिसला असता.

हा हिशेब पुरा झाला तो लक्ष्मीबाईंच्या हातून. ज्या बाईला अक्षरे गिरवायला पतीने शिकवले, तिने त्याचे अपुरे महाकाव्य पुढे चालवले. वाढते वय आणि आजारपण यांना न जुमानता तिने ६४ अध्याय रचले. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याही हयात नव्हत्या. त्याआधी १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रकाशित झाले होते. मुलाच्या, देवदत्ताच्या, आग्रहावरून लिहिलेल्या या आठवणी मराठी गद्याचा अमोल ठेवा ठरल्या. आज टिळकांच्या कवितेपेक्षा लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र अधिक वाचले जाते. गुरूच्या पुढे शिष्या गेली. टिळकांना याचे दुःख झाले असते असे वाटत नाही. पाचाचे दहा झाले, आणि वाढलेले पाच दुसऱ्याच्या नावावर जमा झाले, इतकेच.

गुण आणि बुद्धी ही आजच्या शहरी आयुष्यात पुढे जाण्याची शिडी झाली आहे. मुलांच्या अंगातले टॅलंट हेरण्यासाठी शिबिरे भरतात, स्पर्धा होतात, त्याचे मोलही लगेच ठरते. यात गैर काही नाही. नगरच्या कवीलाही पोटासाठी कीर्तने करावी लागली होती. परंतु ती ठेव कोणाच्या उपयोगी पडली, हा प्रश्न शिडीच्या कोणत्याच पायरीवर कोणी विचारत नाही. पदव्या, पदे आणि बंगले यांच्यात सुरक्षित पुरून ठेवलेले गुण आपल्या अवतीभोवती कितीतरी असतील. त्यांनी कोणाचे वाईट केलेले नसते. दाखल्यातल्या तिसऱ्या दासानेही केले नव्हते.

टिळकांचे आयुष्य निर्दोष नव्हते. त्यात अर्धवट राहिलेली कामे आहेत, दुखावलेली माणसे आहेत, न पाळलेले हिशेब आहेत. पण त्यात एकही खड्डा नाही. जे मिळाले ते त्यांनी चर्चमधल्या गरीब गायकाला, पोरक्यासारख्या हिंडणाऱ्या कविमनाच्या मुलाला, घरातल्या निरक्षर पत्नीला वाटून टाकले. एखाद्या रविवारी सकाळी नगर जिल्ह्यातल्या कुठल्या तरी छोट्या गावच्या देवळातून टाळांच्या साथीने अभंगाचे सूर ऐकू येतात. गाणाऱ्याला कवीचे नाव माहीत असेल, नसेल. धन्याला ते माहीत आहे, एवढे टिळकांना पुरेसे वाटले असते.